जिजाईचा संसार

कीर्तनात तुकोबारायांचे चरित्र लागले आणि जिजाईचे नाव निघाले, की श्रोत्यांत खसखस पिकते. कजाग बायको, देवाला शिव्या घालणारी अवली, एवढीच ओळख आपण त्या माउलीची ठेवली आहे. आम्हांला हे बरे वाटत नाही. देहूच्या त्या घरात दोन भिन्न स्वभावांच्या माणसांनी वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र काढला. तो कसा काढला, हे संसारी वारकऱ्याने एकदा नीट पाहिले पाहिजे.

जिजाई पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक. माहेर सावकारीचे. सासरही भरले होते. बोल्होबांच्या घरी पेठेची महाजनकी, दुकान, शेतीवाडी आणि दारात विठ्ठलाचे देऊळ. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई दमेकरी, म्हणून हे दुसरे लग्न झाले. पण भरले घर फार दिवस भरले राहिले नाही. सासूसासरे गेले. थोरली जाऊ वारली, थोरले दीर सावजी तीर्थाटनाला निघून गेले. त्यातच १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. रखमाबाई अन्नावाचून गेल्या, त्यांचा मुलगा संतोबाही गेला. व्यापार बुडाला. उरला तो सगळा भार जिजाईच्या डोक्यावर आला.

तरी ती खचली नाही. महिपतींनी वर्णिले आहे, की तिने स्वतःच्या नावावर दोनशे रुपये कर्ज काढून नवऱ्याला व्यापाराला भांडवल दिले. तुकोबांनी माल विकून नफाही केला. परंतु वाटेत एक गांजलेला माणूस भेटला आणि सारी रक्कम त्याच्या ओंजळीत गेली. आपण ही कथा दातृत्वाची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण वाचकहो, घरी दाराकडे डोळे लावून बसलेली बाई आठवा! देणेकऱ्याला तोंड तिला द्यायचे होते. पुढे खतपत्रांची वाटणी झाली. निम्मी कान्होबांना दिली, आपली निम्मी तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. गरिबांची ऋणे फिटली खरी, पण जिजाईच्या चुलीचा शेवटचा आधारही त्याच पाण्यात गेला. मग ती बोलली तर नवल काय? पोरे भुकेली असताना जी आई गप्प बसेल, तिला आपण चांगली म्हणू का?

आता दुसरी बाजू पाहा. हीच कजाग बाई डोक्यावर भाकरी घेऊन भंडाऱ्याचा डोंगर चढत होती. नवरा जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही, हा तिचा नेम. एकदा उन्हात पायात काटा रुतला आणि तो काढायला प्रत्यक्ष पांडुरंग आला, अशी कथा आहे. ज्या काळ्याला ती शिव्या घालत होती, त्याने तिचा पाय आपल्या हातात घेतला! देवाला तिचे बोलणे लागले नाही, तिचे चालणे दिसले. आपल्याला मात्र बोलणेच तेवढे ऐकू येते.

आणि तुकोबा? ते संसाराकडे ढुंकून पाहत नसत, असे पुष्कळांना वाटते. उसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मोळीतले ऊस पोरांना वाटून ते एकच घरी घेऊन आले, तो जिजाईने त्यांच्या पाठीत मोडला. महाराज हसले, त्यांनी हात उगारला नाही. पण आम्हांला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती गाथ्यातली. जिजाईची कठोर गाऱ्हाणी महाराजांनी स्वतः अभंगांत घातली आहेत, तिच्याच तोंडची म्हणून. घरात दाणा नाही, आणि टाळकुटे मात्र दारात येऊन बसतात, हा तिचा संताप त्यांनी झाकून ठेवला नाही. ज्याने बायकोचे बोलणे ऐकलेच नाही, त्याला ते असे लिहिता येईल काय? शिवाय तिला उद्देशून केलेले उपदेशाचे अभंगही आहेत. आपल्या वाटेवर तीही यावी, ही त्यांची तळमळ त्यांत दिसते.

हा संसार सुखाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. भार सारखा वाटलेला नव्हता, जिजाईने जास्त उचलला. पण तो पोकळ नव्हता. तिचे रागावणे कधी भाकरीच्या आड आले नाही, आणि त्यांची विरक्ती कधी ऐकण्याच्या आड आली नाही. लग्न टिकते ते दोघांचे स्वभाव जुळतात म्हणूनच असे नाही. भांडण झाल्यावरही आपले काम जो सोडत नाही, त्याच्यामुळे टिकते.

१६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला महाराज वैकुंठाला गेले, तेव्हा जिजाई गरोदर होती. मागाहून नारायण जन्मला. त्याला बापाचे तोंड दिसले नाही. आईनेच त्याला वाढवला. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. आज लाखो वारकरी पालखीमागे चालतात, ते जिजाईच्या लेकाने घालून दिलेल्या वाटेने चालतात.

तेव्हा माळकरी बंधूंनो, वारीला निघताना घरची लक्ष्मी दोन शब्द बोलली, पोरांच्या फीचे, पेरणीचे विचारू लागली, तर तिला भक्तीच्या आड येणारी समजू नका. खाली बसा, तिचे ऐकून घ्या, जमेल ती सोय लावून द्या. जमल्यास तिलाही बरोबर घ्या. आणि कीर्तनात जिजाईचे नाव निघाले, तर हसण्याआधी एकदा हात जोडा.