फार्शीचा कोशकार, भाषाशुद्धीचा कैवारी : माधव जूलियन

मराठी रसिक माधव जूलियन यांना ओळखतात ते प्रणयपंढरीचे कवी म्हणून. 'विरहतरंग'चा हा कर्ता आणि रविकिरण मंडळाचा हा अध्वर्यू फार्शीचा गाढा पंडित होता, हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी नसते. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांवर त्यांचे मोठे ऋण आहे.

माधव त्र्यंबक पटवर्धन यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यात झाला. शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. पुण्यात त्या काळी इतिहाससंशोधनाचे वारे वाहत होते. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात जुनी दप्तरे गोळा होत होती. मोडी लिपी वाचता येणारे होते. पण अक्षर लागले तरी अर्थ लागेलच, अशी खात्री नव्हती. निजामशाही व आदिलशाहीच्या अमदानीतील कागद मराठीत असले, तरी त्यांचा साचा फार्शी होता.

शिवकालीन आज्ञापत्रांचा मायनाच पाहावा. आरंभी 'अजरख्तखाने' येते. त्यातील 'अज' म्हणजे 'पासून'. पुढे 'बजानेबू' येते. ते 'ब जानिब', म्हणजे 'च्याकडे'. त्यामागून येतात 'कारकुनानी हाल व इस्तकबाल'. येथे मराठी वाचक हमखास फसतो. 'नी' हा तृतीयेचा प्रत्यय समजून कारकुनांनीच काही केले, असा अर्थ तो लावतो. वस्तुतः 'कारकुनान' हे 'आन' प्रत्यय लागलेले फार्शी अनेकवचन आणि शेवटचा 'ई' हा दोन शब्द जोडणारा इजाफतीचा स्वर. आताचे व पुढे येणारे कारकून, असा त्याचा अर्थ. म्हणजे ज्यांना हुकूम सुटला, तेच हुकूम सोडणारे ठरायचे! अखेरच्या 'बिदानद'मधील 'ब' तर निराळाच. 'जानिब'पूर्वी तो शब्दयोगी. येथे 'दानिस्तन' म्हणजे 'जाणणे' या क्रियापदाला लागून 'जाणावे' अशी आज्ञा तो सुचवतो.

वतनाचा हक्क कोणाचा, हुकूम कोणाचा आणि कोणाला, हे अशा एका प्रत्ययावर ठरत असे. ही अडचण दूर करण्याच्या कामी पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' आला. मंडळाने तो १९२५ मध्ये प्रसिद्ध केला. फार्शी न शिकलेल्या मराठी संशोधकाच्या हाती त्यामुळे एक भरवशाचे साधन आले.

पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी फार्शीचे अध्यापन केले. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी मूळ फार्शीवरून मराठीत आणल्या, 'गज्जलांजलि'तून गझल मराठीत रुजवली. 'छंदोरचना' या ग्रंथाबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. पदवी दिली. १९३६ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मात्र याच काळात त्यांच्या विचारांनी वेगळे वळण घेतले. स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीचे ते खंदे पुरस्कर्ते बनले. ज्या शब्दांचा कोश केला, तेच शब्द त्यांनी आपल्या जुन्या कवितांतून वेचून काढले. 'भाषाशुद्धि-विवेक' हा ग्रंथही लिहिला. अनेक चाहत्यांना हे रुचले नाही. कवितेची लय बिघडली, असा आक्षेप आला. तरीही ते मागे हटले नाहीत.

यात वरवर विसंगती दिसते. परंतु कोणता शब्द परका आणि कोणता आपला, हे सांगण्याचा अधिकार ती परकी भाषा मुळातून जाणणाऱ्यालाच असतो. पटवर्धनांनी तो परिश्रमाने मिळवला होता. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या शुद्धीच्या आग्रहाविषयी मतभेद होऊ शकतात. पण जुन्या दप्तरांतील फार्शी मराठी अभ्यासकाला उलगडून दाखवण्याच्या त्यांच्या कार्याचे मोल वादातीत आहे.