पंडिता रमाबाई आणि हाताचा उद्योग

गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत पुष्कळ उलथापालथ झाली. डिचोलीच्या खाणी 2012 साली बंद पडल्या, मध्यंतरी काही काळ चालल्या, 2018 साली पुन्हा थांबल्या आणि 2024 मध्ये तेथे परत काम सुरू झाले. पेडण्यात मोपाच्या पठारावर 2023 पासून प्रवाशांची विमाने उतरू लागली. ट्रक आणि बार्ज यांवर ज्यांची चूल पेटत होती त्यांना एकाएकी दुसरे काम शोधावे लागले; आणि जेथे नवे काम आले तेथे ते करण्याचे शिक्षण गावच्या मुलामुलींपाशी नव्हते. अशा वेळी सेवाभावी संस्था पुढे येतात, कोणी त्यांना अनुदान देतो, शिवणाचे किंवा यंत्रकामाचे वर्ग निघतात. मंडळीतही थैली फिरते. मग आम्हां सर्वांच्या मनात एक प्रश्न येतो : दिलेला पैसा संपला की पुढे काय? ज्याला दिले तो आपल्या पायावर उभा राहतो की पुढच्या थैलीची वाट पाहत बसतो?

हा प्रश्न नवा नाही. पंडिता रमाबाईंना तो जन्मभर पडला होता. त्यांचे चरित्र आपल्या वाचकांना ठाऊक आहे; तरी या एका बाजूने ते पुन्हा पाहावे असे आम्हांला वाटते.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये अशी रूढी असता त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना शिकविले, आणि आईने रमेला शिकविले. हजारो श्लोक मुलीच्या मुखी होते. कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राही. पण 1870 नंतरच्या दशकात दुष्काळ पडला. दक्षिणा आटली. भांडीकुंडी गेली, दागिने गेले. भीक मागण्याची लाज वाटे, मोलमजुरी करणे कमीपणाचे वाटे, आणि पोट भरण्याचा कोणताही धंदा घरात कोणाला येत नव्हता. वडील गेले, आई गेली, थोरली बहीणही गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास एवढेच उरले. इतकी विद्या घरात असून घर उपासमारीने मोडले, ही गोष्ट त्या कधी विसरल्या नाहीत. त्यांच्या पुढच्या सर्व कार्याचे बीज येथे आहे असे आम्हांला वाटते.

पायी हिंडत बहीणभाऊ 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर विवाह केला. मनोरमा जन्मली, आणि 1882 साली पतीचेही निधन झाले. चोवीस वर्षांची विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाचा खर्च निघाला. परक्याच्या दानावर नव्हे, स्वतःच्या लेखणीवर त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

वाँटेज येथील भगिनींकडे त्या राहिल्या. लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी भगिनी जे काम करीत ते त्यांनी पाहिले. अशा स्त्रियांना जवळ घेऊन त्यांना पुन्हा उभे करणारा धर्म कोणता, हा विचार त्यांच्या मनात शिरला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. दयेचे काम त्यांनी आधी पाहिले आणि मग प्रभूला ओळखले. रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी हा क्रम मुलांना जरूर सांगावा.

1886 साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि दोन वर्षांहून अधिक काळ तेथे हिंडल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धती शिकल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या हालांवर 1887 साली त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. निरनिराळ्या गावी लहान लहान मंडळे निघाली, आणि सभासदांनी दरसाल एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षे देण्याचे वचन दिले. एका मोठ्या धनिकाची ती देणगी नव्हती. पुष्कळ साध्या माणसांचे ते थोडे थोडे होते. आणि तिला मुदत होती : दहा वर्षे.

त्या पैशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास गेले. तेथे शिकलेल्या पहिल्या विधवांपैकी एक गोदूबाई. 1893 साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि पुढे विधवांच्या शिक्षणाच्या कार्यात त्या पतीला साथ देत राहिल्या. अमेरिकेतील अनोळखी माणसाचा एक डॉलर कोठवर पोहोचला, पाहा.

पण देणगीबरोबर अटही आली होती. शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नव्हते. बाईंनी कोणाला सक्ती केली नाही. मात्र स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दारही लावले नाही. मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली पुण्यात मोठे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. येथे दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत. ज्यांनी आपल्या मुली विश्वासाने पाठविल्या त्यांना विचारण्याचा अधिकार होता. आणि आपला विश्वास लपवून ठेवणे बाईंना शक्य नव्हते. दुसऱ्याचा पैसा घेऊन काम करणाऱ्याची वाट किती अरुंद असते, हे या प्रसंगात दिसते. 1898 साली त्या अमेरिकेस जाऊन हिशेब व हकिकत मांडून आल्या, आणि नव्या असोसिएशनने त्यांना मोकळीक दिली.

दहा वर्षांची मुदत संपेल त्या दिवसाचा विचार बाईंनी आधीच केला होता. केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे असा बेत होता. इतक्यात 1896-97 चा दुष्काळ मध्य प्रांतात पडला. लहानपणी पाहिलेली उपासमार त्यांना पुन्हा डोळ्यांसमोर दिसली. त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. केडगावच्या रानात मुक्ती सदन उभे राहिले. 1900 साली गुजरातच्या दुष्काळात आणखी आल्या, आणि संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

एवढ्या जणींना नुसते जेवू घालणे हेच केवढे काम! पण बाई तेथे थांबल्या नाहीत. हातमाग आले, शिवण आले, तेलाचा घाणा आला, गाईम्हशी आल्या, शेती आली, छापखाना आला. कोणी शिक्षिका झाली, कोणी परिचारिका झाली. मुलींनी खिळे जुळविले, यंत्र चालविले, पुस्तके बांधली. आंधळ्या स्त्रियांसाठी बार्तिमी सदन होते. तेथे त्या बोटांनी वाचायला शिकत आणि हातांनी काम करीत. समाजाने टाकलेल्यांसाठी कृपा सदन होते. पुढे इब्री व ग्रीक भाषा शिकून बाईंनी पवित्र शास्त्राचा सोप्या मराठीत अनुवाद केला, तोही याच मुलींनी जुळविला. ज्यांना एके काळी अक्षर ओळखता येत नव्हते त्यांच्या हातून शास्त्राची पाने छापून निघाली.

मुक्ती सदन पूर्णपणे स्वतःच्या कमाईवर चालले असे मात्र कोणी समजू नये. एवढ्या अनाथांचा भार बागेला आणि मागांना पेलणारा नव्हता. देणग्या येत राहिल्या, आणि पुष्कळदा उद्याचे धान्य कोठून येणार हे प्रार्थनेवर सोडावे लागे. संस्था देणगीवाचून राहिली नाही. पण संस्थेत शिकलेली बाई मात्र भिकेवाचून राहू शकली. दानाची कसोटी हीच आहे असे आम्हांला वाटते.

1919 साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. 1921 साली मनोरमाबाई गेल्या. शेवटपर्यंत अनुवादाचे काम पाहत 5 एप्रिल 1922 रोजी बाई प्रभूमध्ये निजल्या. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

वाचकहो, डिचोलीत किंवा पेडण्यात, आपल्या स्वतःच्या गावात, कोणी संस्था शिकवणीच्या वर्गासाठी मदत मागू लागली तर बाईंच्या चरित्रातून तीन गोष्टी विचाराव्यात. शिकणाऱ्याच्या हाती कोणते काम येणार? देणाऱ्याला दिलेला शब्द आणि हिशेब नीट पाळला जाईल काय? आणि मुदत संपल्यावर कशावर चालणार, याचा विचार आजच कोणी केला आहे काय? यांची उत्तरे मिळाली तर एका रुपयालाही कमी लेखू नये. पौल तंबू करीत असे, यापोतील टबीथा विधवांसाठी वस्त्रे शिवीत असे. हाताचे काम आपल्या विश्वासाला परके नाही. रमेच्या घरात विद्या होती, पण धंदा नव्हता, म्हणून घर मोडले. तसे दुसऱ्या कोणाचे घर मोडू नये, म्हणून त्या बाई जन्मभर झटल्या. आपल्या मंडळीच्या थैलीने आपणही तेवढे करू या.