कै. लक्ष्मीबाई टिळक यांचे शिक्षण

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत रात्रीच्या वर्गाची गोष्ट निघाली म्हणजे चाळिशी उलटलेल्या बाया बहुधा एकच उत्तर देतात, की आता या वयात आम्ही काय शिकणार? उपदेशक बंधूही पुष्कळदा हे उत्तर मुकाट्याने मान्य करून पुढे जातात. अशा भगिनींकरिता व अशा उपदेशकांकरिता आम्ही आज लक्ष्मीबाई टिळक यांची हकीगत सांगावयाचे योजिले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने आपण दर रविवारी गातो. त्यांच्या पत्नी एवढीच पुष्कळांस या बाईंची ओळख असते. परंतु त्यांच्या चरित्रातील फार कठीण दिवस आपल्या सोलापूर जिल्ह्यात, पंढरपुरास गेले, ही गोष्ट इकडील मंडळ्यांतही थोड्यांस ठाऊक आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत इतके कडक, की बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात येऊ देत नसत. या धुण्यापुसण्यात घरची माणसे थकून जात आणि मुलांचे खेळणेबागडणेही विटाळाच्या भयाने आखडून गेलेले असे. मुलीस शाळेत घालण्याचा तर विचारही कोणाच्या मनास शिवला नाही. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले व त्या टिळकांच्या घरी आल्या.

टिळक कवी, विद्वान व मनाने उदार. पण एका ठिकाणी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. आज एक नोकरी, उद्या दुसरी. हातात पैसा आला की तो दुसऱ्यास देऊन मोकळे. पत्नीस शिकवावे अशी हौस मात्र त्यांस मनापासून होती. त्यांनी लक्ष्मीबाईंस अक्षरओळख करून दिली. हे धडे कधी उत्साहाने सुरू होत, कधी मध्येच बंद पडत. गुरू उतावळे आणि शिष्येच्या मागे चूल व लेकरे, तेथे दुसरे काय व्हावयाचे? तथापि जे थोडे हाती लागले ते लक्ष्मीबाईंनी सोडले नाही, आणि आमच्या मते त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचे बीज याच अर्धवट धड्यांत आहे.

१८९३ साली आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाने टिळकांस नवा करार वाचावयास दिला. त्या वाचनाचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांच्या बाप्तिस्म्यात झाला. ही बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई पतीपासून दूर होत्या. त्यांच्यावर आकाश कोसळले. पती जिवंत असूनही हरपला, पदरी लहानगा दत्तू, आणि चारचौघांत तोंड दाखविण्याची सोय नाही. आप्तांनी त्यांस पंढरपुरास आपल्या घरी नेऊन ठेवले.

पंढरपूर म्हणजे सोवळ्याचे व विठ्ठलभक्तीचे गाव. तेथील दिवस त्यांनी रडून, उपासतापास करून व मुलाकडे पाहून काढले. ख्रिस्ती लोकांविषयी त्यांच्या मनात प्रेम नव्हते. उलट त्यांनी आपला संसार मोडला असा राग होता, आणि तो राग समजण्याजोगा आहे. आपण ख्रिस्ती लोक टिळकांच्या बाप्तिस्म्याची कथा आनंदाने सांगतो, परंतु त्या दिवशी एका घरात काय झाले हे सांगावयाचे पुष्कळदा विसरतो. टिळकांची पत्रे येत, लक्ष्मीबाईंची जात; आणि मोडकीतोडकी का होईना, शिकलेली अक्षरे तेथे उपयोगी पडली. ज्या बाईस अक्षर येत नाही तिला नवऱ्याचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, आणि अशा प्रसंगी वाचणारा मनुष्य आपल्या मनचे चार शब्द त्यात मिसळल्यावाचून राहत नाही. ज्या गोष्टीवर आपला सारा संसार अवलंबून आहे ती आपल्याच डोळ्यांनी वाचता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

चार-साडेचार वर्षे अशी गेल्यावर त्या अहमदनगरास पतीकडे परत आल्या. पण ख्रिस्ती होण्याकरिता नव्हे. आपले सोवळे, आपले अन्नपाणी निराळे ठेवून त्या राहू लागल्या. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. या बाबतीत त्या उतावळ्या मनुष्याने जो धीर धरिला तो आम्हांस त्यांच्या कित्येक कवितांहून मोठा वाटतो. ज्या उपदेशकांस महिन्याअखेर नावे मोजून पाठवावयाची घाई असते, त्यांनी येथे किंचित थांबावे.

जातिभेदाची गाठ लक्ष्मीबाईंच्या मनात कोणा पंडिताच्या व्याख्यानाने सुटली नाही. त्या स्वतः विचार करीत बसल्या. जात देवाने केली की माणसाने? गाय आणि म्हैस यांत देवाने डोळ्यांस दिसेल असा फरक केला आहे. ब्राह्मण आणि महार यांत तसा कोणता केला? जन्म एक, मरण एक, देह एक. मग हा भेद माणसाचाच, असा निवाडा त्यांच्या मनाने दिला, आणि दिल्याबरोबर त्या त्याप्रमाणे वागू लागल्या. कोणाच्याही हातचे खावयाचे प्यावयाचे असे ठरले. वडिलांच्या घरी धुतलेल्या वस्तूवाचून दुसरे न पाहिलेल्या बाईस हे किती जड गेले असेल, याची कल्पना ज्याची त्याने करावी. पुढे १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढे त्यांचे शिक्षण थांबले असते तरी कोणी दोष दिला नसता. परंतु ते वाढतच गेले. दुष्काळाने उघड्यावर पडलेली मुले त्यांच्या घरी वाढली. नगरास प्लेग आला तेव्हा छावणीत राहून त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. ज्या हातांस परक्याचा स्पर्श वर्ज्य होता, तेच हात कोणाही जातीच्या रोग्याचे अंथरूण बदलू लागले. कविता त्या स्वतःच्या समजुतीने करीत. मोठमोठे शब्द त्यांस येत नसत व त्यांची हौसही नव्हती. घरी, अंगणात, पाणवठ्यावर बाया जशा बोलतात तीच त्यांची भाषा.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. लक्ष्मीबाईंचे वय तेव्हा पन्नास वर्षांचे होते. टिळकांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला होता, पण ‘ख्रिस्तायना’चे दहाएक अध्याय होऊन काम तसेच राहिले होते. महाराष्ट्रात पदवीधर ख्रिस्ती पंडित थोडे नव्हते. पण ते काम उचलले या शाळा न पाहिलेल्या विधवेने. शुभवर्तमानांतील एकेक प्रसंग पुन्हा पुन्हा मनात घोळवावयाचा आणि ओवीत बसवावयाचा, असे करता करता त्यांनी चौसष्ट अध्याय रचिले. दहांच्या पुढे चौसष्ट! आम्ही हा आकडा मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळांची अशी समजूत आहे की पतीच्या ग्रंथास त्यांनी केवळ शेपूट जोडले.

दुसरे काम याहूनही अचानक आले. पुत्र देवदत्त यांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते, म्हणून त्यांनी आईस आठवणी लिहावयास सांगितले. आठवणी लिहिता लिहिता त्यांत टिळक तर आलेच, पण त्यांच्यासोबत सोवळ्याने गांजलेले माहेर, पंढरपूरचे दुःख, भांडणे, फजिती, भोळेपणा हे सर्व आले. स्वतःस हसावयास लक्ष्मीबाई कधी लाजल्या नाहीत. ‘संजीवनी’ पत्रात हे लेख येऊ लागले व १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ या नावाने पुस्तकाचे भाग निघाले. मराठी गद्यात या पुस्तकास जे स्थान मिळाले ते ख्रिस्ती समाजाबाहेरील वाचकांनी व टीकाकारांनीही दिलेले आहे. पुढे त्याची इंग्रजी भाषांतरे झाली. धर्माने आपल्याहून निराळ्या असलेल्या बाईचे हे पुस्तक अनेक हिंदू घरांतून प्रेमाने वाचले गेले. पुस्तक जर वादविवादाच्या भाषेत लिहिलेले असते तर असे घडते ना, असे आम्हांस वाटते.

मंडळीतील भगिनींस हे पुस्तक एकदम वाचून संपविणे कठीण वाटेल. त्यांनी जातिभेदाच्या विचाराचा भाग व पंढरपूरचा भाग आधी वाचावा. वाचता न येणाऱ्यांनी मुलाबाळांकडून वाचून घ्यावा, आणि मग आपले नाव रात्रीच्या वर्गात घालावे.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई प्रभूजवळ गेल्या, त्या वेळी ‘स्मृतिचित्रां’चा अखेरचा भाग छापून व्हावयाचा होता. ‘ख्रिस्तायन’ही त्यांनी छापलेले पाहिले नाही, त्याचा शेवटचा अध्याय देवदत्त यांनी लिहिला, आणि पती, पत्नी व पुत्र या तिघांच्या हातचा तो ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला.