गुहेतला गणिताचा मास्तर

फॅक्टर ऑफ सेफ्टी ही भानगड आपल्याला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये भेटते. व्हायवाला व्याख्या पाठ, मार्क पडले, विषय संपला! पण एका माणसाने हाच हिशेब पाण्याखाली, काळोख्या गुहेत, स्वतःच्या श्वासासाठी मांडला. त्याचं नाव शेक एक्सली. पेशाने तो फ्लोरिडामधल्या लाइव्ह ओक गावच्या हायस्कूलात गणिताचा शिक्षक. शिक्षक म्हटल्यावर 'ते' म्हणायला हवं हे मला कळतं, पण ज्याच्याबद्दल सबमिशन सोडून रात्र रात्र वाचलं त्याला अहो-जाहो करवत नाही. सरांनी राग मानू नये.

शेकचा जन्म १ एप्रिल १९४९ चा, जॅक्सनव्हिलचा. सोळाव्या वर्षी, १९६५ मध्ये, तो स्कूबा करायला लागला आणि थोड्याच दिवसांत गुहांच्या नादी लागला. फ्लोरिडाच्या त्या भागात जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. पाण्याने तो पोखरून मैलोन्‌मैल बोगदे केलेत. वरून बघाल तर नुसता निळाशार झरा, पोहायला उडी मारावीशी वाटेल असा.

आपल्यापैकी जे मालवण-तारकर्लीला स्कूबा करून आलेत त्यांना माहीत आहे, इन्स्ट्रक्टर आपल्याला धरून असतो आणि डोक्यावर उजेड असतो. काही बिघडलंच तर वर यायचं. गुहेत वर गेलात तर छप्पर! ज्या वाटेने आलात त्याच वाटेने परत, दुसरा मार्ग नाही. त्यात पायातल्या फिनचा एक फटका चुकीचा बसला की तळाचा गाळ उठतो, आणि हातात दिवा असून स्वतःचा हात दिसत नाही.

त्या काळात फ्लोरिडाच्या गुहांमध्ये माणसं पटापट मरत होती. नवशिके तर होतेच, पण समुद्रात तरबेज असलेले इन्स्ट्रक्टरसुद्धा होते. झरेच बंद करून टाका, अशी मागणी व्हायला लागली. मृतदेह बाहेर काढायला जे थोडे लोक आत जाऊ शकत त्यात शेक होता. दुसरा कोणी असता तर हे काम करून घरी जाऊन गप्प बसला असता. शेकने प्रत्येक अपघाताचा, आपल्या भाषेत सांगायचं तर, फेल्युअर ॲनालिसिस केला. कोण किती आत गेला होता, दोरी होती का, टाकीत हवा किती उरली होती?

उत्तरं फार साधी निघाली. बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत सलग दोरी लावलेली नव्हती. परतीसाठी पुरेशी हवा राखलेली नव्हती. आणि साध्या हवेवर नको तितकं खोल गेले होते. १९७९ मध्ये त्याने यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. प्रत्येक प्रकरणात एक अपघात आणि त्यातून निघालेला एक नियम. मला तरी हे त्याच्या सगळ्या विक्रमांपेक्षा मोठं काम वाटतं.

यातला हवेचा नियम बघा. एक तृतीयांश हवा जाताना, एक तृतीयांश येताना, आणि उरलेली राखीव. समजा दोघांकडे १८० बार आहे. ६० संपले की मागे फिरायचं. नेमकी त्याच क्षणी जोडीदाराची सगळी हवा गेली तर? माझ्याकडे १२० उरलेत, त्यात दोघांनी बाहेर यायचं, प्रत्येकी ६०. गणित सुटलं, पण शिल्लक शून्य! गाळात चाचपडायला, घाबरून धापा टाकायला त्यात जागाच नाही. म्हणजे एक तृतीयांश ही चैन नव्हे, ती शेवटची हद्द आहे.

शेकने स्वतः हे पाळलं. वयाच्या तेविसाव्या वर्षी गुहेतल्या १००० डाइव्ह पुऱ्या करणारा तो जगातला पहिला माणूस. पुढे आकडा ४००० च्या वर गेला. अमेरिकेतल्या नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटीने केव्ह डायव्हिंगचा विभाग काढला तेव्हा पहिला अध्यक्ष तोच होता.

मग त्याला खोली खुणावू लागली. दर १० मीटरला दाब एक ॲटमॉस्फिअरने वाढतो. खोलवर हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि ऑक्सिजनचं विष होतं. म्हणून दोन्ही कमी करून हेलियम मिसळायचा, खोलीप्रमाणे वेगवेगळ्या टाक्या न्यायच्या आणि वर येताना टप्प्याटप्प्यावर तासन्‌तास थांबायचं. यालाच टेक्निकल डायव्हिंग म्हणतात. मेक्सिकोतल्या मान्ते नदीच्या उगमात १९८९ मध्ये तो ८८१ फुटांवर, म्हणजे सुमारे २६८ मीटरवर जाऊन आला. १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्सगाटमध्ये २६३ मीटरवर मात्र त्याचं अंग थरथरायला लागलं, दृष्टी विस्कटली. प्रचंड दाब आणि हेलियम मिळून मज्जासंस्थेवर असा परिणाम करतात. तिथूनही तो परत आला.

६ एप्रिल १९९४. मेक्सिकोतलंच साकातोन, तीनशे मीटरहून खोल असलेली पाण्याने भरलेली विहीरच म्हणा. पंचेचाळिसावा वाढदिवस नुकताच झालेला. १००० फूट गाठायचे म्हणून शेक आणि जिम बोडेन वेगवेगळ्या दोऱ्यांवरून एकाच वेळी उतरले. ९२५ फुटांवर बोडेनच्या लक्षात आलं की हवा अंदाजापेक्षा लवकर संपतेय. तो फिरला आणि वाचला. वरच्यांना मात्र बुडबुडे एकाचेच दिसत होते.

आमच्या विंगमध्ये मी हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, शेवटी मेलाच ना, मग नियमांचा काय उपयोग? मला हे पटत नाही. जवळजवळ २९ पट दाबाखाली प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा २९ पट गॅस लागतो. तिथे एक-दोन मिनिटांचा घोळ झाला तरी राखीव साठा संपतो. नियम तोच राहिला, त्यातली सवड चिरडली गेली. आणि हे गणित त्या मास्तरला आपल्यापेक्षा चांगलं येत होतं, तरी तो उतरला. इथे मात्र मी त्याचा वकील होऊ शकत नाही.

नेमकं काय झालं हे कधीच ठरलं नाही. तीन दिवसांनी दोऱ्या वर ओढल्या तेव्हा शेक त्यांच्याबरोबरच वर आला. दोरी त्याच्या हाताभोवती गुंडाळलेली होती. खोलीमापक ९०० फुटांच्या जरा पुढे थांबला होता.