पेडर रोडच्या बंगल्यात रुजलेले मूलकणांचे विज्ञान

कुलाब्याच्या दक्षिण टोकाला, नेव्ही नगरच्या पलीकडे, समुद्राच्या अगदी काठावर टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी आहे. अणुऊर्जा म्हटली की ट्रॉम्बे आणि ट्रॉम्बे म्हटले की डॉ. होमी भाभा, हे समीकरण मुंबईकरांच्या मनात पक्के बसलेले आहे. ते चूक नाही, पण अपुरे आहे. भाभा मुळात मूलकणांचे अभ्यासक होते. अणुभट्ट्या नंतर आल्या. त्यांचे पहिले प्रेम होते अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र कोसळणाऱ्या विश्वकिरणांवर, आणि कुलाब्याची संस्था ही त्या प्रेमाचीच निष्पत्ती होय.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन, सुसंस्कृत पारशी कुटुंबात होमी जहांगीर भाभा यांचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. त्यामुळे टाटांच्या घरी उद्योगधंद्यांच्या योजनांची चर्चा कानावर पडतच हा मुलगा वाढला. घरात पुस्तकांचा आणि पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा मोठा संग्रह होता. चित्रकलेचा नादही तेव्हाचाच. कॅथीड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या वाटेने १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले ते यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी. शिकून यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, असा वडीलधाऱ्यांचा बेत होता.

तो बेत वर्षभरातच डळमळला. आपला जीव भौतिकशास्त्रात आहे, कारखान्यातली मोठी जागा आपल्याला नको, असे या अठरा-एकोणीस वर्षांच्या तरुणाने वडिलांना पत्राने स्वच्छ कळवले. वडिलांनी रागही धरला नाही आणि लगेच होकारही दिला नाही. आधी अभियांत्रिकीत प्रथम वर्ग मिळव, मग गणितासाठी आणखी दोन वर्षांचा खर्च करीन, अशी व्यवहारी अट त्यांनी घातली. १९३० मध्ये भाभांनी ती पुरी केली आणि १९३२ मध्ये गणितातही प्रथम वर्ग मिळवला.

त्याच वर्षी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत न्यूट्रॉनचा शोध लागला, तर अमेरिकेत पॉझिट्रॉन सापडला. मूलकणांच्या विज्ञानाला उधाण आले होते आणि भाभा नेमके त्या किनाऱ्यावर उभे होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर झाली तर ते कोणत्या कोनात किती प्रमाणात विखुरतील, याचे गणित त्यांनी मांडले. १९३६ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम आज भाभा प्रकीर्णन या नावाने ओळखले जाते. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात चाललेल्या महाकाय इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रात किती टकरी घडल्या याचे मोजमाप याच प्रक्रियेच्या आधारे होत असे. पंचविशीतल्या तरुणाने कागदावर केलेल्या आकडेमोडीला अर्धशतकानंतर मोजपट्टीचे स्थान मिळाले.

१९३७ मध्ये वाल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती दिली. प्रचंड ऊर्जेचा एखादा इलेक्ट्रॉन वातावरणात शिरला की तो प्रकाशकण बाहेर टाकतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निर्माण होते. ते दोघे पुन्हा प्रकाशकण टाकतात. अशा रीतीने एका कणाचे हजारो कण होऊन त्यांचा सडा जमिनीवर पडतो. मात्र विश्वकिरणांतले काही कण शिशाच्या जाड थरांतूनही आरपार जात. ते इलेक्ट्रॉन असूच शकत नाहीत, इलेक्ट्रॉनहून जड असे ते वेगळेच कण असावेत, हा निष्कर्ष भाभांनी काढला. असे अल्पजीवी कण वेगाने धावत असताना अधिक काळ टिकलेले दिसतील आणि त्यातून आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाची प्रत्यक्ष प्रचीती येईल, हे त्यांनी १९३८ मध्येच सांगून ठेवले होते.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले असताना महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर सी. व्ही. रामन यांच्या भौतिकशास्त्र विभागात त्यांना प्रपाठकाची जागा मिळाली. दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तेथे विश्वकिरणांच्या संशोधनाचा छोटा विभाग उभा राहिला. १९४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. युद्ध संपताच केंब्रिजला परतायचे, असा त्यांचा सुरुवातीचा विचार होता. पण बंगळूरच्या वर्षांत तो बदलत गेला. परदेशात आपल्याला मिळते ती वैज्ञानिक संगत आपल्याच देशात निर्माण करणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांना वाटू लागले. अलाहाबाद आणि कलकत्त्याहून आलेल्या जागा त्यांनी नाकारल्या.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत भौतिकशास्त्राची उत्तम शाळा देशात आत्ता उभी केली, तर दोन-एक दशकांनी अणुशक्तीसाठी तज्ज्ञ शोधायला परदेशी जावे लागणार नाही, असा त्यातील युक्तिवाद होता. हिरोशिमावर बॉम्ब पडण्याला तेव्हा सव्वा वर्षाहून अधिक काळ बाकी होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दूरदृष्टीची कल्पना येते.

१ जून १९४५ रोजी बंगळूरमध्ये संस्थेचे काम सुरू झाले आणि डिसेंबरात ती मुंबईत आली. पेडर रोडवरील केनिलवर्थ या भाभांच्या नातलगांच्या बंगल्याच्या एका भागात, सुमारे सहा हजार चौरस फूट जागेत, तिचा संसार मांडला गेला. १९४९ मध्ये ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. कुलाब्याच्या वास्तूची कोनशिला १९५४ मध्ये पंडित नेहरूंनी बसवली आणि १९६२ मध्ये तिचे उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झाले. भिंतीवरची चित्रे, बागेतली झाडे, सारे भाभांनी जातीने निवडले. हुसेन यांचे भव्य भित्तिचित्र आणि गायतोंडे, आरा, हेब्बर यांच्या कलाकृती असलेला संग्रह मुंबईतल्या उत्तम कलासंग्रहांत गणला जातो.

आधी पदे निर्माण करायची आणि मग ती भरायला माणसे शोधायची, या सरकारी रिवाजाच्या नेमके उलट भाभा वागत. माणूस हेरायचा, मग त्याच्याभोवती विभाग वाढू द्यायचा. बर्नार्ड पीटर्स आले, ब्रिस्टॉलहून एम. जी. के. मेनन आले. वातावरणाच्या वरच्या थरांत किरण टिपण्यासाठी संस्थेतच प्लॅस्टिकचे फुगे तयार होऊ लागले. भाभांच्या सूचनेवरून बी. व्ही. श्रीकांतन विश्वकिरण मोजायला कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. त्याच खाणीत १९६५ मध्ये, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची खूण मिळाली. जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह केलेला तो प्रयोग जगातल्या अशा पहिल्या दोन प्रयोगांपैकी एक ठरला. (त्याचा वारसा सांगणाऱ्या तमिळनाडूतील न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण पर्यावरणाचे आक्षेप आणि स्थानिक विरोध यांत ती रखडली.)

या साऱ्याची किंमतही होती. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद आल्यावर भाभांच्या हातून संशोधन हळूहळू सुटत गेले. समित्या, अंदाजपत्रके आणि परदेश दौरे यांनी वेळ व्यापला, आणि केंब्रिजमध्ये दिसलेला सिद्धांतकार पुन्हा पूर्णपणे कधी दिसला नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. मेघनाद साहांसारख्या ज्येष्ठ वैज्ञानिकाचे मत असे, की हे संशोधन विद्यापीठांतच वाढले पाहिजे. उत्तम माणसे आणि पैसा स्वतंत्र संस्थांकडे वळला, तर विद्यापीठे कोरडी पडतील हे भय अनाठायी नव्हते. आज अनेक विद्यापीठांच्या विज्ञान विभागांची अवस्था पाहता साहांना दोष देणे अवघड आहे. मात्र त्या काळच्या विद्यापीठीय चौकटीत फुगे आणि खाणी यांची सांगड भाभांच्या वेगाने बसली असती, असेही म्हणवत नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नातील बैठकीला निघालेल्या भाभांचे एअर इंडियाचे कांचनजंगा हे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. ११७ जण मृत्युमुखी पडले. भाभा ५६ वर्षांचे होते. घातपाताच्या वावड्या आजही उठतात; फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष मात्र विमानाच्या नेमक्या स्थानाबद्दल झालेल्या गैरसमजाचा होता.

संस्थेची धुरा चाळिशीही न गाठलेल्या मेनन यांच्याकडे आली. १९७४ मध्ये संस्थेने भाभांच्या नावाने विज्ञान शिक्षण केंद्र काढले. त्याची सुरुवात नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत झाली, आणि पैसा पुन्हा दोराबजी टाटा ट्रस्टचाच होता. तेथून ही मंडळी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याला गेली आणि खेड्यातल्या शिक्षकांबरोबर, मराठीतून विज्ञान कसे शिकवावे याचे प्रयोग करू लागली.