मक्केतील एक पेढी

रमजानचे पहिले दहा दिवस रहमतीचे, म्हणजे ईश्वरी कृपेचे मानले जातात. हे दशक पूर्ण होते त्या दहाव्या तारखेला अनेक मुस्लिम घरांतून एका स्त्रीची आठवण काढली जाते. हजरत खदीजा (र.) यांचे निधन इ.स. ६१९ मध्ये याच तारखेला झाले, अशी नोंद परंपरेने जपली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या पहिल्या पत्नी आणि इस्लाम स्वीकारणारी पहिली व्यक्ती, ही त्यांची ओळख सर्वांना आहे. पण त्याही आधी त्या मक्केतील नावाजलेल्या व्यापारी होत्या. घरचा व्यापार त्यांनी स्वतः सांभाळला, वाढवला आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यातली सगळी कमाई खर्चून टाकली. आज त्यांच्याविषयी बोलायचे ते या पेढीच्या अंगाने.

मक्का हे उघड्याबोडक्या डोंगरांमधले गाव. शेती नाही, नदी नाही. पाणी विहिरींचे. गाव जगायचे दोन गोष्टींवर, काबागृहाला येणारे यात्रेकरू आणि व्यापार. हिवाळ्यात काफिला दक्षिणेला येमेनकडे जायचा, उन्हाळ्यात उत्तरेला शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या बाजूला. कुरआनच्या एका छोट्याशा सूरहमध्ये या दोन्ही प्रवासांचा उल्लेख आहे. कातडी, सुगंधी द्रव्ये असा माल इकडून जायचा. धान्य, कापड, तेल तिकडून यायचे. एकेका फेरीला काही महिने लागत. वाटेत लुटारू, पाण्याची टंचाई, आजारपण, आणि बाजारात भाव पडला तर सारीच मेहनत वाया.

अशा गावात कुरैश टोळीच्या असद घराण्यात खुवैलिद यांच्या घरी खदीजा यांचा जन्म झाला. घराणे व्यापाऱ्यांचे, त्यामुळे मालाची पारख आणि हिशेबाची जाण लहानपणापासून कानावर पडलेली. बहुतेक चरित्रकारांच्या मते त्यांचे आधी दोन विवाह झाले होते आणि त्यांना वैधव्य आले होते. पुढे अनेक मान्यवरांच्या मागण्या आल्या, त्या त्यांनी नाकारल्या. व्यापार मात्र सोडला नाही. लोक त्यांना ताहिरा म्हणत, म्हणजे शुद्ध, निष्कलंक. एकट्या स्त्रीला पैशाचे व्यवहार करून असे नाव मिळवता आले, यातच त्यांच्या व्यवहाराची साक्ष आहे.

त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत. विश्वासू माणूस नेमून त्याच्या हाती माल द्यायचा आणि नफ्यात त्याचा हिस्सा ठेवायचा, अशी त्यांची पद्धत होती. भांडवल एकाचे, कष्ट दुसऱ्याचे. नफा झाला तर ठरलेल्या प्रमाणात दोघांचा. तोटा झाला तर मालकाचे भांडवल गेले आणि नेणाऱ्याची मेहनत गेली. या भागीदारीला पुढे इस्लामी कायद्यात मुजारबत असे नाव मिळाले आणि आजही इस्लामी बँका तिचा आधार घेतात. या पद्धतीत एक गोम आहे. शेकडो कोस दूरच्या बाजारात माल कोणत्या भावाने विकला, हे घरी बसलेल्या मालकाला कसे कळणार? नेणारा सांगेल तेच खरे मानावे लागते. म्हणून अशा पेढीचे खरे भांडवल म्हणजे माणसाची पारख.

त्या काळी मक्केत एका तरुणाला लोक अमीन म्हणत, म्हणजे ज्याच्याकडे ठेव ठेवावी आणि निर्धास्त झोपावे असा. वडील जन्माआधी गेलेले, आई लहानपणीच वारलेली, काका अबू तालिब यांच्या घरी वाढलेले हे मुहम्मद (स.). खदीजा यांनी त्यांच्याकडे निरोप पाठवला आणि इतरांना देत त्याहून अधिक मोबदला देऊ केला. सोबत आपला सेवक मैसरा याला दिले. काफिला शाममधील बुसरापर्यंत गेला. परतल्यावर हिशेब लागला तेव्हा नफा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त होता. मैसराने मालकिणीला प्रवासाची हकीकत सांगितली. त्यात भावापेक्षा माणसाचेच वर्णन अधिक होते. घासाघीस करताना खोटी शपथ नाही, मालातले वैगुण्य झाकणे नाही, सोबतच्या नोकरांशी उद्धटपणा नाही.

खदीजा यांनी विचार केला आणि नफीसा नावाच्या मैत्रिणीला मध्यस्थ म्हणून पाठवले. लग्नाची मागणी स्त्रीकडून गेली. इ.स. ५९५ च्या सुमारास विवाह झाला. वर पंचवीस वर्षांचे होते. वधूचे वय चाळीस होते असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, काही चरित्रकार ते कमी मानतात. पुढची सुमारे पंचवीस वर्षे हा संसार चालला. बहुपत्नीत्व सर्रास असलेल्या त्या समाजात, खदीजा हयात असेपर्यंत प्रेषितांनी दुसरा विवाह केला नाही.

या घराचे दार मोठे होते. कासिम आणि अब्दुल्लाह हे मुलगे लहानपणीच गेले. जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम आणि फातिमा या मुली मोठ्या झाल्या. अबू तालिब यांच्यावर दुष्काळात ओढ आली तेव्हा त्यांचा मुलगा अली या घरी राहायला आला. खदीजा यांच्या भाच्याने गुलामांच्या बाजारातून आणलेला जैद हा मुलगा याच घरी मोकळा झाला आणि खरे वडील न्यायला आले तरी परत गेला नाही. प्रेषितांना तान्हेपणी दूध पाजणाऱ्या हलीमा एकदा दुष्काळाने गांजून भेटीला आल्या. खदीजा यांनी त्यांना चाळीस मेंढ्या आणि एक उंट देऊन परत पाठवले. ही सासूची ओवाळणी समजा किंवा दूधाचे ऋण.

चाळिशीच्या आसपास प्रेषित मक्केबाहेरच्या हिरा गुहेत एकांतात जाऊ लागले. शिदोरी घरून बांधून दिली जायची. इ.स. ६१० च्या रमजानमध्ये तिथे पहिला दिव्य संदेश आला आणि ते थरथरत घरी परतले. आपल्याला काहीतरी झाले आहे, या भीतीने त्यांनी अंगावर पांघरूण घालायला सांगितले. खदीजा यांनी पांघरूण घातले, धीर दिला. नातलगांना जोडून ठेवणारा, दुबळ्यांचे ओझे उचलणारा, पाहुण्याचा आदर करणारा माणूस ईश्वराकडून वाऱ्यावर सोडला जाणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मग त्या पतीला आपले चुलतभाऊ वरका यांच्याकडे घेऊन गेल्या. वरका ख्रिस्ती होते, वृद्ध होते, दृष्टी गेलेली होती आणि जुन्या धर्मग्रंथांचे जाणकार होते. त्यांनी या अनुभवाची खूण ओळखली. इस्लामच्या पहिल्या पानावर आधार देणारी एक स्त्री आहे आणि खातरी देणारा एक ख्रिस्ती वृद्ध आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

यानंतर व्यापाराची दिशाच बदलली. नव्या विचाराला येऊन मिळणाऱ्यांत गुलाम, परदेशी आणि गरीब लोक बरेच होते. त्यांचा छळ होई. अशा लोकांसाठी खदीजा यांचा पैसा खर्च होऊ लागला. मग कुरैशच्या सरदारांनी प्रेषितांच्या हाशिम घराण्यावर बहिष्कार टाकला. त्यांच्याशी खरेदी नाही, विक्री नाही, सोयरीक नाही, असा करार लिहून काबागृहात टांगला गेला. हे घराणे शिअबे अबी तालिब नावाच्या घळीत कोंडले गेले आणि दोन-तीन वर्षे तिथे राहिले. उपाशी मुलांचे रडणे घळीबाहेर ऐकू येई, लोक झाडांची पाने खात. जिचा माल येमेनपासून शामपर्यंत जात असे, तिला आता आपल्याच गावात मूठभर गहू विकत मिळेना. खदीजा यांचे भाचे हकीम बिन हिजाम आत्यासाठी गहू घेऊन निघाले तर वाटेत अबू जहलने अडवले. दुसऱ्या एका मक्कावासीयाने मध्ये पडून अबू जहलला फटकारले, तेव्हा कुठे तो गहू पोचला. खदीजा असद घराण्याच्या होत्या. माहेरी जाऊन सुखाने राहता आले असते. त्या गेल्या नाहीत.

शेवटी मक्केतल्याच काही लोकांना हा अन्याय सहन झाला नाही. त्यांनी पुढाकार घेऊन करार रद्द करवला. त्यांतले बरेचजण तेव्हा मुस्लिम नव्हते. बहिष्कार उठला, पण थोड्याच काळात अबू तालिब आणि खदीजा दोघेही गेले. मक्केच्या हुजून भागात खदीजा यांना दफन करण्यात आले. प्रेषित स्वतः कबरीत उतरले. इतिहासात ते वर्ष शोकवर्ष म्हणून ओळखले जाते. पंचवीस वर्षांपूर्वी मक्केच्या काफिल्यात ठळकपणे दिसणारी संपत्ती तोवर संपत आली होती.

पेढी मात्र एका अर्थाने चालूच राहिली. मदीनेत गेल्यावरही घरी बकरी कापली की प्रेषित खदीजांच्या मैत्रिणींकडे वाटा पाठवत. खदीजांची बहीण हाला दारात आली आणि तिचा आवाज ऐकला की त्यांना गलबलून येई. याच हालाचा मुलगा अबुल आस हा जैनबचा पती. तोही व्यापारी. इ.स. ६२४ च्या रमजानमध्ये बद्रची लढाई झाली तेव्हा तो मक्केच्या बाजूने लढला आणि कैद झाला. जैनबने त्याच्या सुटकेसाठी मक्केहून एक हार पाठवला. लग्नात आईने दिलेला तो हार पाहताच प्रेषितांनी ओळखला आणि त्यांचे मन भरून आले. सोबत्यांची हरकत नसेल तर कैद्याला सोडावे आणि हार परत करावा, अशी त्यांनी विनंती केली. दोन्ही गोष्टी झाल्या. अबुल आसने शब्द दिल्याप्रमाणे जैनबला मदीनेला धाडले.

काही वर्षांनी अबुल आस शामहून मक्केकरांचा माल घेऊन येत असताना तो माल मुस्लिमांच्या हाती लागला. त्याने मदीनेत येऊन जैनबचा आसरा मागितला. प्रेषितांच्या सांगण्यावरून सगळा माल त्याला परत मिळाला. इस्लाम स्वीकारून तिथेच राहिला असता तर कोणी अडवले नसते. पण त्याने आधी मक्का गाठली, ज्याची त्याची ठेव ज्याला त्याला दिली, कुणाचे काही राहिले आहे का असे चारचौघांत विचारले आणि कुणाचेच राहिले नाही म्हटल्यावर इस्लाम स्वीकारला. दुसऱ्याची ठेव बुडवून धर्मात आलो, असे कुणी म्हणू नये, ही त्याची काळजी. खदीजांच्या घरात अमानत म्हणजे काय, हे या भाच्याने पुरेपूर जाणले होते.

रमजानमध्ये बरेच मुस्लिम दुकानदार वर्षाची शिल्लक मांडून अडीच टक्के जकात काढतात. जकातीचा हा नियम खदीजा यांच्या निधनानंतर आला. त्यांनी टक्के मोजले नाहीत. स्त्रीची कमाई तिच्या मालकीची असते आणि ती कशी वापरायची हे तीच ठरवते, हा इस्लामी कायद्याचा नियमही त्या आधीच जगल्या. गावात आज कुणी बाई पिठाची गिरणी चालवते, कुणी कपड्यांचे दुकान, कुणी शिवणकामाचे चार यंत्रांचे घर. गल्ल्यावर बसलेल्या अशा बाईकडे पाहून धर्माच्या नावाने नाक मुरडणारे लोक सगळ्याच समाजांत भेटतात. आमच्या समाजात भेटले तर त्यांना मक्केतल्या या पेढीचा पत्ता द्यावा.