मातीचा अभ्यासक : डॉ. सेल्मन वाक्समन

वळवाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या जमिनीतून जो सुगंध दरवळतो, तो बहुतांशी मातीत राहणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीज नावाच्या सूक्ष्म जंतूंमुळे येतो, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. याच जंतूंपासून क्षयरोगावरचे पहिले गुणकारी प्रतिजैविक मिळाले. ते ज्यांच्या प्रयोगशाळेतून बाहेर आले, त्या डॉ. सेल्मन वाक्समन यांच्या जीवनाची ही थोडक्यात ओळख.

वाक्समन यांचा जन्म २२ जुलै १८८८ रोजी नोवा प्रिलुका या खेड्यात एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्या वेळी तेथे रशियाच्या झारची सत्ता होती. ज्यू मुलांना विद्यापीठात प्रवेश मिळणे फार कठीण. तेव्हा १९१० साली त्यांनी अमेरिकेची वाट धरली आणि न्यू जर्सीतील एका नातलगाच्या शेतावर आश्रय घेतला. पुढच्याच वर्षी ते रटगर्स कॉलेजात शेतकीच्या अभ्यासक्रमाला दाखल झाले. जमिनीत खड्डे खणायचे, निरनिराळ्या थरांतील माती आणायची आणि तिच्यात कोणते जंतू किती आहेत ते मोजायचे, हे काम त्यांनी विद्यार्थिदशेतच हाती घेतले. ज्या कामाकडे इतरांनी ढुंकूनही पाहिले नसते त्यात हा तरुण रमून गेला. कॅलिफोर्नियात १९१८ साली डॉक्टरेट मिळवून ते पुन्हा रटगर्सलाच अध्यापक म्हणून परतले.

मातीत अन्नासाठी जंतूंची सतत चढाओढ चालते. काही जंतू असे द्रव्य सोडतात की आसपासच्या इतर जंतूंची वाढ खुंटते. रोगजंतूंना मारणारे द्रव्य यांतूनच मिळेल या विचाराने १९३९ पासून वाक्समन व त्यांचे विद्यार्थी हजारो जंतू पारखू लागले. १९४० मध्ये अॅक्टिनोमायसिन हाती आले, पण ते फार विषारी निघाले. १९४२ च्या स्ट्रेप्टोथ्रायसिनचीही तीच गत झाली.

१९४३ साली अल्बर्ट शाट्झ हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी लष्करी सेवेतून परतला. महिना अवघ्या ४० डॉलरवर तो तळघरातील प्रयोगशाळेत रात्रंदिवस राबू लागला. त्या ऑक्टोबरात त्याला स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस या जंतूचे दोन उपयुक्त वाण सापडले. एक भरपूर खत घातलेल्या शेतातील मातीत, दुसरा कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यात. त्यांच्यापासून मिळालेले औषध म्हणजे स्ट्रेप्टोमायसीन. पेनिसिलीन ज्या क्षयाच्या जंतूपुढे हात टेकत होते, त्याची वाढ या औषधाने रोखली. जंतूच्या पेशीत प्रथिने तयार होण्याच्या क्रियेतच ते बिघाड करते. जानेवारी १९४४ मध्ये शाट्झ, एलिझाबेथ बुजी व वाक्समन या तिघांच्या नावे शोध जाहीर झाला. आपल्या महाराष्ट्रात पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात पुढे स्ट्रेप्टोमायसीन तयार होऊ लागले, आणि तेथील संशोधकांनी शोधलेल्या एका जंतूला तर स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना असे नावच मिळाले. बुरशीवरील हॅमायसिन हे औषध त्याच्यापासूनचेच.

इथपर्यंतची कथा आनंदाची आहे. पण कीर्ती आली ती मुख्यतः गुरूकडे. पेटंटवर शाट्झचेही नाव होते, तरी मानधनाचा वाटा मात्र वाक्समन यांना मिळत असल्याचे त्याला उशिरा कळले. १९५० साली त्याने आपल्या गुरूंवरच दावा लावला. त्याच वर्षअखेर तडजोड झाली : शाट्झला सहसंशोधक म्हणून मान्यता आणि मानधनाचे ३ टक्के, वाक्समन यांना १० टक्के. तरीही १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वाक्समन यांना मिळाले. प्रयोगाची दिशा, पद्धत आणि तीस वर्षांची तपश्चर्या वाक्समन यांची होती, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्याच्या हाताने तो जंतू वेगळा झाला त्या शिष्याचे नाव मोकळ्या मनाने घेतले असते तर गुरूचे काय कमी झाले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटल्यावाचून राहत नाही. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की मानधनाचा बराच भाग वाक्समन यांनी सूक्ष्मजीवशास्त्राच्या संशोधनासाठी दिला आणि १९५४ साली रटगर्समध्ये या विषयाची स्वतंत्र संस्था उभी राहिली.

१६ ऑगस्ट १९७३ रोजी वाक्समन यांचे निधन झाले. शाट्झला रटगर्स विद्यापीठाने आपले सन्मानपदक दिले ते १९९४ साली, शोधानंतर अर्धशतकाने. तेव्हा तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता.